काठाची परीक्षा

भूकंपानंतर योकोहामातली बरीच मराठी मंडळी मुंबईला परतली, आणि उरलेल्यांना एकमेकांशी भांडणं परवडेना. त्यातून उत्तरावहिनी म्हणजे संजीवच्या साहेबांची बायको. संजीवला इथे आणखी ठेवायचं की परत धाडायचं, हे साहेब सोमवारी ठरवणार होते. म्हणून जपानी बायकांपुढे कांचीपुरमवर बोलायचं ठरल्यावर संजीवच्या बायकोने, विभाने, टेबलावर मांडायला वहिनींचीच कांजीवरम साडी मागून आणली. स्वतःची लग्नातली कांजीवरम ती नेसली होती. तिच्याकडे बघून वहिनी म्हणाल्या होत्या, घरगुती कार्यक्रमाला चालून जाईल.

विभाने कांची पाहिली होती अर्धा दिवस, पण बोलली तिथेच जन्मल्यासारखी. पल्लवांची राजधानी, कैलासनाथाचं कोरीव देऊळ, एकांबरनाथाच्या आवारातला आंबा, गल्लोगल्ली मागांचा खटखटाट. मग ऐटीत जपानीत सांगून टाकलं, की तिथे अंग आणि काठ वेगळ्या धोट्यांनी विणून एकमेकांत अडकवतात. उलट बाजूला सांधा दिसतो. ओढलंत तर अंग फाटेल, काठ सुटणार नाही.

पुढच्या रांगेतून हायाशी-सान उठल्या. सगळी हयात किमोनोच्या दुकानात गेलेली बाई. परवानगी घेऊन त्यांनी वहिनींची साडी उलटी केली. सांधा नव्हताच. अंगाचा धागा सरळ काठात शिरला होता.

सांधा कुठे असतो, हायाशी-साननी हळूच विचारलं.

"काय म्हणतायत गं?" वहिनींना जपानी येत नव्हतं. आईकडून आलेल्या साडीचं कौतुक ऐकायला त्या मान उंचावून बसल्या होत्या.

खरं सांगावं तर संजीवचं सामान बांधायला घ्यावं लागणार. खोटं सांगावं तर ही म्हातारी बोटांनी धागा ओळखते.

"त्यांना काठ ओढून बघायचाय, वहिनी. तुमची कशाला, माझीच देते."

विभाने खांद्यावरचा पदर सोडून पुढे धरला आणि जपानीत म्हणाली, सांधा हा इथे. हायाशी-साननी दोन्ही साड्यांकडे पाहिलं, मग विभाकडे. नमस्काराला जरा जास्तच खाली वाकल्या, काठ धरला आणि ओढला.

टर्र.

काठालगत वीतभर रेशीम फाटलं. काठ जिथल्या तिथे. मग हायाशी-साननी टाळ्या वाजवायला सुरुवात केली.

वहिनींनी आपल्या साडीची जपून घडी घातली. "म्हणून सांगत असते विभा, घ्यायची तर अस्सल घ्यावी."

विभाने फाटका पदर कमरेला खोचला आणि मान डोलावली. सोमवार अजून यायचा होता.