तिच्या बंदुकीची हवा

बायको गेल्याचं डॉक्टरांनी सांगितलं तेव्हा माझ्या खिशात तिच्या एअर रायफलचा व्हॉल्व्ह होता. त्यातलं हवेचं भोक मी सकाळीच थोडं मोठं केलं होतं. तिला दाखवायला म्हणून दवाखान्यात घेऊन गेलो होतो. दाखवायचं राहिलं.

मी बंदुका दुरुस्त करतो. ती नेमबाज होती. क्लबच्या स्पर्धेत पाच लोखंडी चकत्या उभ्या असतात, जवळून लांब अशा. त्या छर्रे मारून पाडायच्या. तिचा छर्रा दरवर्षी पाचवीवरही टण्णकन वाजायचा, पण ती चकती पडायची नाही. न पडलेली चकती सेक्रेटरी धरत नाहीत.

"माझा नेम चुकत नाही," ती घरी येऊन म्हणायची, "तुमची हवा कमी पडते."

यंदा पाचवी पाडून देतो असं मी तिला कबूल केलं होतं. तिचं नाव यादीत होतंच. तिच्या जागी घरचं कुणी उतरलं तरी चालेल, असं सेक्रेटरी म्हणाले. तिची धाकटी बहीणही नेमबाज. ती तयार झाली.

भोक तपासायची आमची रीत साधी होती. बायकोनं एका बाजूनं फुंकायचं, मी दुसऱ्या बाजूला गाल धरायचा. हवा जोरात आली की झालं. तीस वर्षांत दुसरं माप लागलं नाही. आता फुंकायला मेव्हणी.

"फुंक."

"फुंकलं की, भावजी."

"मला काही लागलं नाही."

"दाढी किती वाढलीये तुमची! तिच्यात अडकलं असेल."

मी दाढी करून आलो. तरी हवा मंदच. म्हणजे भोक लहान आहे, असं धरून मी ते वाढवलं. परत फुंकायला लावलं. परत वाढवलं.

"भावजी, मला चक्कर येतेय."

"तुझी ताई अर्धा अर्धा तास फुंकायची."

"ताई तुमच्याशी संसारही करायची. सगळंच मला जमेल का?"

स्पर्धेत पहिला छर्रा सुटला आणि चकती स्टँडसकट आडवी झाली.

"बाई, पाडायची होती, उपटायची नव्हती," सेक्रेटरी म्हणाले.

दुसरी पडली. तिसरी जरा विचार करून पडली. चौथी नुसती वाजली. पाचव्या वेळेला बंदुकीच्या हवेच्या टाकीत हवाच उरली नव्हती. छर्रा टेबलाच्या पलीकडे टपकन पडला.

"हा मी हातानं फेकला असता तरी लांब गेला असता," मेव्हणी म्हणाली.

भोक भलतंच मोठं झालं होतं. एका बारात दोन-तीन बारांची हवा जात होती. हे कसं झालं, ते मला बंदूक पिशवीत भरताना उमगलं.

"तुला फुगा फुगवता येतो का गं?"

"कधीच नाही आला. लहानपणी माझेही ताईच फुगवायची. एका दमात. का हो?"

मी सांगितलं. ती हसायला लागली. मीही हसलो, आणि मग मला तिथल्या पायरीवर बराच वेळ बसावं लागलं. ती शेजारी बसून राहिली.

जुना व्हॉल्व्ह वाया गेला. नव्यासाठी पितळ आणून ठेवलं आहे. त्याला भोक अजून पाडलेलं नाही.