कल्हईचा धूर आणि फहमिदाची ओकारी

मी एक जुनी पितळी चिलमची आहे, मित्रांनो. हात धुताना खाली धरतात, ते पसरट भांडं. वय झालं की राग निवतो म्हणतात. माझा निवला नाही.

तांबटाच्या हातोडीनं मला गोल केलं आणि औरंगाबादेत, उस्मानपुऱ्यात, दाऊदभाई कल्हईवाल्याच्या घरी मी आले. निजामाचं राज्य होतं. दाऊदभाईची कल्हई म्हणजे पुनवेचं चांदणं. तापल्या भांड्यात चिमूटभर नवसागर, वर कथील, कापसाच्या बोळ्याचा एक हात, की भांड्याचा आरसा. पाहुणे माझ्यात तोंड बघून दाढी सारखी करायचे.

मग त्याची नऊ वर्षांची लेक फहमिदा ओकू लागली, आणि मी पाहुण्यांपुढून उठून तिच्या उशाशी आले.

पहाटे उठायची ती ओकतच. तासात सात-आठ वेळा. पोटातलं संपलं की पिवळं, कडू पित्त. दीड दिवस हेच. मग गाढ झोप, आणि उठली की "अम्मा, भूक लगी," म्हणत अंगणात दोरीच्या उड्या! महिन्यानं पुन्हा तेच, पुन्हा पहाटेच. तिचं कपाळ माझ्या काठावर टेकलेलं असायचं. माझ्याइतकं जवळून कुणी पाहिलं?

दाऊदभाईला जगात एकच रोग ठाऊक : कल्हई गेलेलं भांडं. त्यात आंबट कळकतं, माणूस ओकतो. खरं आहे ते. पण म्हणून प्रत्येक ओकारीला तेच?

"कशात रांधलंस?" तो बायकोवर, जैतुनबीवर, ओरडायचा. "कल्हईवाल्याच्या घरात कळकलेलं जेवण! लोक थुंकतील माझ्या धंद्यावर!"

"परवाच तर सगळी भांडी केली तुम्ही."

"मग पुन्हा करतो!"

अंगणात भट्टी पेटायची. भाता फुसफुसायचा आणि नवसागराचा झोंबरा धूर थेट पोरीच्या अंथरुणावर. ती आणखी ओकायची. "नाटकं करते," शेजारीण म्हणायची, "काल तर चांगली नाचत होती." मला तोंड असतं तर, मित्रांनो!

त्या साली फहमिदाचा पहिला रोजा ठरला. नवे कपडे, पाहुणे, आनंदानं झोप उडालेली, दिवसभर पोट रिकामं. दुसऱ्या पहाटे सुरू झालं. दाऊदभाईनं दिवसभर भट्टी पेटती ठेवली. पुढच्या सकाळी पोरीचे डोळे खोल गेले, ओठ तडकले, लघवी थांबली. हाक मारली तरी मान वळेना.

तेवढ्यात मुकुंदवाडीची आवडाबाई धनगरीण दूध घालायला आली. पोरीला बघून तिनं चरवी आपटली.

"विझवा ती भट्टी! लेकराला धुरी देता व्हय?"

"आवडाबाय, कळकलेलं बाधलंय तिला..."

"एका भांड्यातलं तिघं जेवता, दाऊदभाई. ओकती एकटी. तुमचं कथील काय माणूस वळखतं?"

दाऊदभाईनं भाता सोडला.

"मागं बी ईदीच्या दुसऱ्या दिशी झालं. त्याआधी मामाच्या लग्नानंतर. हे दुखणं मोटंच्या बैलावानी हाय, मागं जातं न् पुन्हा येतं. लई हरीक, जागरण, उपास, तिला सोसत नाय. माझ्या आयचं अर्धं डोकं बी असंच फेऱ्यानं उठायचं."

"माझंही उठतं," जैतुनबी हळूच म्हणाली.

"मग बघताय काय? उचला पोरीला, दवाखाना गाठा!"

ओकारीसाठी मलाही सोबत नेलं. दवाखान्यात सुईनं मिठाचं पाणी अंगात सोडलं. संध्याकाळी फहमिदाला लघवी झाली, तेव्हा जैतुनबी ढसढसा रडली. डॉक्टर म्हणाले, बाई बरोबर बोलली. अशी ओकारी फेरा धरते, आईच्या अर्धशिशीच्याच घराण्यातली. कुणाचा गुन्हा नसतो. दिवस लिहून ठेवा. जेवण, झोप वेळेवर. फेरा आला की अंधारी, शांत खोली. धूर नको, वास नको. साखर-मिठाचं पाणी चमच्या-चमच्यानं. आणि लघवी थांबली, पोर सुस्तावली, ओकारीत रक्त किंवा हिरवं दिसलं, तर वाट न बघता इकडं आणा.

फेरा संपला नाही, मित्रांनो. दोन महिन्यांनी आलाच. "अब्बा, येतंय," फहमिदा म्हणाली. दाऊदभाईचा हात सवयीनं भात्याकडे गेला. मग त्यानं खिडकीवर घोंगडं टाकलं आणि त्या जाड, भाजक्या बोटांनी चमचा धरून पाणी पाजत बसला. माफी मात्र त्यानं मागितली नाही. ना लेकीची, ना जैतुनबीची. तो राग माझ्या पोटात अजून आहे.

तुमच्या घरी कुणी ओकत असेल, तर आधी त्याचं कपाळ धरा. घोटभर पाणी पाजा. मग खुशाल गुन्हेगार शोधा. आणि सापडला नाही, तर गप्प बसा.