साठ पोती तुरीची भिंत

“हे कुणी खरं मानणार न्हाई, आधीच सांगून ठेवतो,” असं बजावत अण्णाराव तुरीच्या पोत्यावर चढून बसले आणि कॅमेऱ्याकडं न बघता कॅमेऱ्याला नीट दिसतील असे वळले.

उजेड फार येतो म्हणून तनुजानं शटर थोडं खाली घ्यायला सांगितलं, तेव्हा मात्र ते खाली उतरले. सिद्धराम हमालाला हाक मारली आणि त्यानं शटर ओढून होईपर्यंत शेजारच्या आडतीत जाऊन बसले. तीस वर्षांत हे शटर त्यांनी स्वतः ओढलेलं कुणी पाहिलं नव्हतं. विचारलं तर खांदा दुखतो म्हणत. कधी डावा, कधी उजवा.

तनुजा लातूरची. तीस वर्षांपूर्वीच्या दंगलीत कोण कुणासाठी उभं राहिलं, यावर ती माहितीपट करत होती. पुढच्या महिन्यात उमरी, अर्धापूरकडच्या शाळांतून तो दाखवायचा होता. मारामाऱ्या पोरं मोबाइलवर रोज बघतात, ती म्हणाली होती, त्यांना एक न झालेली मारामारी दाखवायचीय. उदगीरच्या मोंढ्यात, म्हणजे धान्यबाजारात, तिनं असं म्हणायचा अवकाश, सगळ्यांनी तिला अण्णारावांकडं पिटाळलं.

दुकानाच्या पायरीवर हलिमाबी तूर पाखडत होती. अण्णारावांकडं धान्य तोलणाऱ्या मेहबूबची बायको. तीस वर्षं ती इथंच धान्य निवडत आली होती. तनुजाला हे कुणी सांगितलं नव्हतं. आवाज येतो म्हणून तिनं, मावशी, जरा थांबता का, एवढंच विचारलं होतं, आणि सूप थांबलं होतं.

अण्णाराव रंगात आले. भर बाजाराचा दिवस. स्टेशनाकडून चारशे माणसं काठ्या घेऊन आली. चहाच्या टपरीवर हा आकडा दोनशेच असायचा. मेहबूब आत काट्यापाशी उभा. अण्णारावांनी एकट्यानं साठ पोती तूर ओढून गल्लीत आडवी भिंत घातली, वर बसले आणि म्हणाले, मारायचं तर मारा, पण आधी माझ्या आज्याच्या म्हशीचं ऐकून घ्या. ती म्हैस बिदरच्या किल्ल्यावर चढली होती आणि काही केल्या उतरत नव्हती. माणसं आधी उभ्यानं ऐकत होती, मग उकिडवी बसली, मग कुणीतरी चहा सांगितला. म्हैस हाकायला म्हणून पुढच्याची काठी अण्णारावांनी मागून घेतली ती परत दिलीच नाही. दिवस मावळला, तेव्हा आपण कुणाला मारायला आलो होतो हे एकाच्याही ध्यानात नव्हतं. मेहबूब मागच्या दारानं निघाला, तो थेट हैदराबाद.

मोंढ्यात ही थाप कुणी खोडत नसे. हलिमाबीही नाही. उलट चहा पिता पिता तीच कधी विचारायची, मग आता काय करतात ते तिकडं? अण्णाराव मेहबूबला कधी अत्तराचं दुकान घालून देत, कधी दोन मजली घर. गेल्या ईदेला त्यांनी त्याला चष्मा लावला होता. ती ऐकून घ्यायची, आणि थोड्या वेळानं सूप पुन्हा सुरू व्हायचं.

तनुजानं डोळे पुसले.

“आजोबा, मेहबूबचाचांचा नंबर द्या. शेवट त्यांच्यावरच करू. मी उद्याच हैदराबादला निघते.”

अण्णारावांनी खिसे चाचपले. नंबर घरी राहिला, म्हणाले. मग म्हणाले, मेहबूबला आता फोनवर ऐकू येत नाही. मग पत्ता द्या, तनुजा म्हणाली. ते दिसले नाहीत तर पोरांना ही नुसती गोष्ट वाटेल.

अण्णारावांनी पायरीकडं पाहिलं. गोष्ट अशी अडली की हलिमाबीच काहीतरी विचारून त्यांना वाट काढून द्यायची.

“सांगा की भाबी,” ते हसून म्हणाले, “मेहबूब कुठं राहायलाय आता.”

हलिमाबीनं सूप खाली ठेवलं. पदराला हात पुसले. बोलली ती तनुजाशी नाही, अण्णारावांशीच. आवाज रोजच्यासारखाच, तुरीत खडे लई हायत असं सांगताना असायचा तसा.

“अण्णा, पोरं खरं मानतील हो. कुणी अंगावर आलं तर गोष्ट सांगत बसतील.”

अण्णाराव पोत्याची शिवण बोटानं उसवत राहिले.

“त्या दिवशी अमावास्या होती. अमावास्येला मोंढा बंद असतो. साठ पोती कुठली अन् बाजार कुठला? तुम्ही एकटे पूजेला आलता. शटर अर्धं उघडं दिसलं म्हणून आम्ही दोघं इकडं पळत आलो. ते शटर खाली तुम्हीच ओढलं, अण्णा. आतून कुलूप लावलेलं ह्यांनीबी ऐकलं, मरायच्या आधी.”