अर्धा कोयता

संगणकांचे जाळे जोडता येते, असे सांगणारे एक प्रमाणपत्र असते. परदेशी कंपनी ते देते, शुल्क डॉलरांच्या भावाने घेते, आणि तीन वर्षांनी ते आपोआप निरर्थक होते. बी.एस्सी. होऊन चकलांब्याला घरी बसलेल्या आदिनाथला यात आता काही वावगे वाटेनासे झाले होते. बीडच्या क्लासची फी आणि परीक्षेचे शुल्क मिळून जी रक्कम होत होती, ती एकाच माणसाकडून येऊ शकत होती. आणि तो माणूस, हंगामाआधी आगाऊ उचल देऊन ऊसतोडीला मजूर नेणारा मुकादम रामकिसन, त्यांच्या ओट्यावर चहा पीत बसला होता.

"काकू, एकट्या बाईला पुरी उचल भेटत न्हाई. एकटं माणूस म्हंजे अर्धा कोयता. पोराला जोडीला घ्या, आजच पैसे देतो."

पाठ निकामी झाल्यापासून त्याच्या आईने, भिवराबाईने, तोड सोडली होती. मुलाच्या कागदासाठी एक हंगाम पुन्हा जायला ती तयार होती. क्लास दिवाळीनंतर सुरू होणार होता, हंगामही. म्हणजे फी मिळवायची तर आदिनाथने उसाच्या फडात असायचे, आणि ती सार्थकी लावायची तर बीडमध्ये. इतकी निर्दोष रचना त्याला कोणत्याही पाठ्यपुस्तकात आढळली नव्हती.

"उन्हाळ्यात शीक की बे," रामकिसन म्हणाला. "पळून चाललंय का ते?"

"शिकलो तरी तीन सालांनी मुदत संपती. मग पुन्हा परीक्षा, पुन्हा पैसे."

भिवराबाईने मान वर केली. "फिरून पैसे? मंग त्यो बी मुकादमच हाय की."

रामकिसन हसला, पण कप खाली ठेवून.

"आन् नोकरी?" तिने विचारले.

पुण्याच्या जाहिराती आदिनाथला तोंडपाठ होत्या. प्रमाणपत्र हवेच; शिवाय दोन वर्षांचा अनुभव, जो प्रमाणपत्राखेरीज कुणी घेऊ देत नव्हते.

"लागंलच असं न्हाई. नको ते, माय."

"माझ्या पाठीकडं बघून म्हणतूस?"

"पाठीकडं बी आन् त्या कागदाकडं बी."

रामकिसनने संधी साधली. "मंग घरासाठी घ्या उचल. पत्रं लई गळत्यात तुमचे."

"घरासाठी न्हाई यायची मी," ती म्हणाली. "त्याच्या कागदासाठी निघाले होते."

मुकादम उठून शेजारच्या घराकडे गेला.

"क्लासवाल्यास्नी काय सांगशील?"

"सांगतो, जमत न्हाई."

"जमत न्हाई म्हणू नको. नको म्हण."

आदिनाथने फोन लावला आणि तसेच सांगितले. पलीकडची मुलगी अत्यंत सौजन्याने त्याला हप्त्यांची सोय समजावू लागली.