मृणालीची रेषा

"थांबलीय ती," मृणाली लॅपटॉपवरच्या रेषेवर बोट ठेवून म्हणाली. "आता खाली येत न्हाय. इंजेक्शनं लागणार मला."

देवेशने लॅपटॉप आपल्याकडे वळवला. भिवंडीतल्या एका गोदामात तो दिवसभर एक्सेलमध्येच डोकं घालून असे, म्हणून बायकोच्या रक्ततपासण्यांचा चार्टही त्यानेच काढला होता. मृणालीला दिवस गेले, पण निघाला द्राक्षगर्भ. पोटात बाळ नव्हतंच, नुसते द्राक्षांसारखे फुगे वाढत होते. डॉक्टरांनी गर्भाची पिशवी साफ केली. आता गरोदरपणाचा हार्मोन रक्तातून पुरता जायला हवा होता. मध्येच अडला तर केमोच्या इंजेक्शनांचे जड उपचार करावे लागणार होते. देवेशची आई, आक्का, सुनेला फुलासारखी जपत होती. फक्त, पोर नव्हतंच तर रडायचं कशाला, असं तिचं म्हणणं. त्यामुळे मृणाली रडलीच नव्हती.

पहिला आकडा दोन लाखांचा. पुढचा वीस हजारांच्या आसपास, मग दोन हजार, मग दोनशे. दोन लाखांपुढे शेवटचे दोन्ही तळालाच चिकटलेले. रेषा आडवी पडलेली दिसणारच. देवेशने लॉग स्केल निवडला. आता दहा ते शंभर जेवढं अंतर, तेवढंच शंभर ते हजार. आडवी रेषा उठली आणि सरळ उतरणीला लागली.

मृणालीने त्याच्याकडे रोखून पाहिलं. चार्टचा स्केल बदलून गोदामातले साहेब तोट्याचा महिना कसा झाकतात, हे त्यानेच तिला हसत सांगितलं होतं.

"माझी समजूत काढायला बदललंस ना?"

"आकडे तेच हायेत गं. दर वेळी दहावा हिस्सा उरतोय. साध्या स्केलवर लहान आकड्याला कोण विचारत न्हाय, एवढंच."

बोलला खरा, पण खात्री त्यालाही नव्हती. मृणालीसोबत दवाखान्यात जाताना त्याने दोन्ही चार्ट नेले. डॉक्टरीणबाईंनी लॉगचाच समोर ओढला, उतारावरून पेन फिरवलं आणि सध्या इंजेक्शनं नकोत म्हणाल्या. घर येईपर्यंत मृणालीने रिक्षात त्याचा हात सोडला नाही.

काही आठवड्यांनी रिपोर्ट आला: मोजण्याजोगं काही उरलं नाही. आक्काने देवापुढे साखर ठेवली. देवेशने उत्साहाने शेवटच्या रकान्यात शून्य टाकलं, तर एक्सेलने बजावलं की या स्केलवर शून्य दाखवता येत नाही. रेषा आदल्या ठिपक्यापाशीच संपली.

"साध्या स्केलवर टाकतो," तो म्हणाला. "खाली टेकलेली दिसेल."

"नको." तिचा आवाज बारीक झाला. "सगळे वाट बघत होते ती उतरायची. मी पण बघत होते. पण ती उतरत होती तसतसं ते जात होतं, देवेश. आता माझ्यात त्याचं काहीच न्हाय उरलं."

ही रेषा उतरावी म्हणून आपण देव पाण्यात घालून बसलो, आणि शेजारी बसून मृणाली कुणाला तरी निरोप देत होती, हे देवेशला आत्ता कळलं. त्याने शून्य खोडलं, रकाना रिकामाच ठेवला. बाहेरून आक्का साखर घ्यायला हाका मारत होती. मृणाली ओढणी तोंडाशी धरून रडायला लागली, तसं देवेशने उठून दार हलकेच लोटून घेतलं.