शून्य कचऱ्याचं घर

राजेंद्र नगरातल्या गजानन मुळ्यांच्या फाटकावर त्यांच्या नावापेक्षा मोठी पाटी होती: 'शून्य कचरा घर'. कॉलनीच्या स्वच्छता समितीनं ती समारंभानं लावली होती. सकाळी कचरागाडीचं गाणं वाजलं की शेजारी बादल्या घेऊन धावत, आणि गजाननराव रिकाम्या हातांनी फाटकाशी उभे राहून त्यांना दोन शब्द सुनावत. आमचा ओला कचरा गच्चीवरच्या मडक्यात जातो, त्याचं खत होतं, असं ते सांगत.

मडकं होतं, हे खरं. पहिले दोन महिने कचरा त्यात जातही होता. मग त्यात अळ्या झाल्या. गजाननरावांना अळ्यांची किळस, आणि पाटी तर लागून गेली होती. तेव्हापासून उरलेली आमटी, पोह्यांचा लगदा, चहाची पत्ती, सगळं ते जेवण झाल्यावर सिंकमध्ये लोटत आणि वरून नळ मोकळा सोडत. निवृत्तीनंतर नवरा भांडी विसळायला लागला, याचं इंदिराबाईंना पहिला आठवडाभर कौतुक वाटलं.

त्या रविवारी समितीच्या अध्यक्ष भानुमती जोग अकरा वाजता पंधरा बायकांना हे आदर्श घर दाखवायला आणणार होत्या. नऊ वाजता सिंक तुंबलं.

इंदिराबाई म्हणाल्या, प्लंबरला बोलवा. गजाननरावांनी साफ नकार दिला. मुकुल प्लंबर अख्ख्या कॉलनीत फिरायचा. दुपारच्या आत बातमी पार भंवरकुआं चौकापर्यंत पोचली असती. शिवाय 'नाली खोलने के घरेलू उपाय' त्यांनीच तर कॉलनीच्या ग्रुपवर तीनदा टाकले होते.

त्यांनी वाटीवाटीनं पाणी उपसलं, जाळीत खायचा सोडा ओतला, वर व्हिनेगर ओतलं. फसफसून फेस आला. तो पाहून त्यांचा चेहरा उजळला. ओलं फडकं दाबून अर्धा तास थांबले, मग गरम पाणी सोडलं. पाणी वर आलं आणि तिथंच थांबलं. मग रबरी वाटीचा दांडा आणून त्यांनी जोर लावला. चौथ्या दाबाला सिंकमधलं पाणी उसळलं आणि इस्त्रीच्या कुर्त्यावर भाताची शितं चिकटली.

इंदिराबाई इतका वेळ चहा पीत होत्या. त्यांनी कप ठेवला, सिंकखाली बादली सरकवली, पाइपला असते ती बाटलीसारखी वाटी हातानं फिरवली आणि काढली. काळपट, तुपकट गोळा थपकन बादलीत पडला. चहाची पत्ती, भात, मोड आलेले मूग. वास घरभर पसरला.

तेवढ्यात बायका आल्याच.

"हे काय आहे, गजाननजी?" भानुमतीबाईंनी नाकाला पदर लावत विचारलं.

"डेमो," गजाननराव म्हणाले. "लोक सिंकमध्ये काय काय टाकतात, ते दाखवायला मुद्दाम काढलं."

दोघीतिघींनी फोटो काढले. इंदिराबाईंनी शांतपणे बादली नवऱ्याच्या हातात दिली आणि म्हणाल्या, "आता मडक्यात टाकून दाखवा. चला, सगळेच जाऊ."

गच्चीवर मडक्याचं झाकण निघालं. आत जुने कांदे होते आणि एक फुटबॉल. गजाननरावांना बादली खाली ठेवायचंही सुचेना.

मग भानुमतीबाई हळूच म्हणाल्या, आमच्या मडक्यात बटाटे असतात. मागून कोणीतरी सांगितलं, आमच्यात तर चपला. जिन्याशीच तातडीची बैठक झाली. कॉलनीत शून्य कचऱ्याची चाळीस घरं आहेत अशी यादी वर महापालिकेत गेलेली होती. आता एकही पाटी काढली तर सगळ्या कॉलनीची बदनामी. पाटी राहील असं एकमतानं ठरलं. डेमोबद्दल गजाननरावांचे आभारही मानले गेले.

बायका गेल्यावर ते स्वयंपाकघरात खाली बसून पाइपची ती वाटी परत लावायला लागले. आटे जुळेनात.

"तुला हे खोलता कसं येतं?" त्यांनी मान वर न करता विचारलं.

"चार महिने दर पंधरा दिवसांनी मीच तर खोलतेय," इंदिराबाई म्हणाल्या. "ह्या खेपेला नाही खोललं."

गजाननरावांनी वाटी तिच्यापुढे धरली आणि वायसर कोणत्या बाजूनं बसतो ते विचारलं.