कोट ओढणारी

वकीलसाहेबांना आतूनबाहेरून कोणी ओळखत असेल, तर ती त्यांची पुतणी. आणि ओळखत होती म्हणूनच तिला काकांचा मनापासून तिटकारा होता.

गावाच्या लेखी मात्र ते गावाचं नाक. न्यायालयासमोरच्या एका खोलीत, डुगडुगत्या टेबलावर वकिली सुरू केलेला माणूस आधी आमदार झाला, मग खासदार झाला, याचं लोकांना कोण कौतुक! कसा झाला, हे विचारायच्या भानगडीत कोणी पडलं नाही. तर ऐका. काकांनी जन्मात कोणाला 'नाही' म्हटलं नाही. सकाळी घरमालक आला, "तुमचंच खरं." दुपारी त्याचाच भाडेकरू आला, "तुमचंच खरं." वकिलीत हे पाप असेल, पण मतपेटीत पुण्य ठरलं. दोघांनीही मतं काकांनाच दिली.

पुतणीही वकील. वडील गेल्यावर काकांनी तिला आपल्या कचेरीत घेतलं. "पोरीला हात दिला," असं काकू चारचौघांत सांगायची. हात दिला तो राबवून घ्यायला. दावे ती लिहायची, भाषणं ती लिहायची, आणि काका बोलायला उभे राहिले की त्यांच्या मागे बसायची. कारण त्यांना एक खोड होती. बोलण्याच्या भरात आपण कोणाच्या बाजूने उभे आहोत, हेच ते विसरायचे. एकदा भर न्यायालयात त्यांनी समोरच्या पक्षाची बाजू अशी रंगवली, की त्या पक्षाचा वकील डोळे मिटून खुशाल ऐकत राहिला. पुतणीने मागून कोटाचं टोक ओढलं. काका घोटभर पाणी प्यायले आणि म्हणाले, "माझे विद्वान मित्र हे असं सगळं म्हणतील. आता मी ते खोडून काढतो." खटला जिंकला. तेव्हापासून लोक तिला 'शेपूट' म्हणू लागले.

काकाही हसायचे. "हसा हसा! मी राजधानीत गेलो की इथली आमदारकी माझ्या शेपटालाच!"

या एका वाक्यावर ती जगली. शहरातल्या मोठ्या वकिलाने बोलावलं होतं, गेली नाही. काका खासदार झाले, गावची जागा मोकळी झाली, पोटनिवडणूक लागली. आणि काकांनी जेवता जेवता सांगितलं, "चिरंजीवांना उभं करतोय."

चिरंजीव! ज्याला न्यायालयाचा दरवाजा कुठल्या बाजूला आहे, हे धड ठाऊक नव्हतं!

"आणि मी?" तिने विचारलं.

"तुझ्यावाचून आमचं पान तरी हलतं का? तू मागे आहेस म्हणून तर आम्ही पुढे."

"काका, तुम्ही शब्द दिला होतात."

"दिलाय ना? मग तो कुठे पळून जातोय? पुढच्या वेळी बघू."

तोंडाला पानं पुसणं म्हणतात ते हेच. ती ताटावरून उठली आणि काकांनी आमटी मागितली.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी चौकात सभा होती. सरकारला गावचं न्यायालय शहरात हलवायचं होतं. टायपिस्ट, चहावाले, मुद्रांकवाले, छोटे वकील, सगळ्यांचं पोट त्या इमारतीवर. इथे काका म्हणायचे, "मी जिवंत आहे तोवर एक वीट हलू देणार नाही." आणि राजधानीतल्या बंद खोलीत, समितीपुढे, गेल्याच आठवड्यात नेमकं उलटं बोलून आले होते. दोन्ही भाषणं पुतणीनेच लिहिलेली. तिला तरी धुतल्या तांदळासारखं कोण म्हणेल?

काका उभे राहिले, रंगात आले, आणि जीभ गेल्या आठवड्याच्या वाटेला लागली.

"दहा टायपिस्ट आणि चार चहावाले पोसायला सरकार न्यायालय चालवत नाही!" ते गरजले. "हे न्यायालय शहरात गेलंच पाहिजे. समितीत मी हेच ठणकावून सांगितलं!"

पुतणीचा हात सवयीने उचलला गेला. कोटाचं टोक समोरच लोंबत होतं. मग तिने तो हात मांडीवर ठेवला आणि वर दुसरा ठेवला. भीती वाटली का? वाटली. पण त्याहून जास्त गंमत वाटली. काका बोलत राहिले.

शेवटी एक चहावाला उठला. "साहेब, परत एकदा बोला की! नीट ऐकू आलं नाही."

काकांचा चेहरा पांढरा पडला. हातात माइक आहे हे विसरून ते मागे वळले. "ओढलं का नाहीस गं?"

ते साऱ्या चौकाने ऐकलं. पुतणी उठून त्यांच्या हातातल्या माइकजवळ गेली.

"मला वाटलं, एकदा तरी खरं बोलताय. मध्ये कशाला अडवा?"

लोक हसले, पण ते हसू चांगलं नव्हतं. काकांनी घाईघाईने सुरुवात केली, "माझे विरोधक हे असं म्हणतील," पण पुढचं कोणी ऐकलंच नाही. खुर्च्या पडू लागल्या. चिरंजीव तर केव्हाच गाडीत जाऊन बसले होते.

मंचामागे काकांनी तिला गाठलं.

"मूर्ख मुली, आता तुला तरी कोण उमेदवारी देणार? स्वतःचंही वाटोळं करून घेतलंस!"

"माझं तुम्ही कालच केलंत, काका," ती म्हणाली. "आज तुमचं राहिलं होतं."